तुम्ही विचारलंत म्हणून: पूल उघडता-मिटता ठेवायचा का?

पूल टाकणाऱ्या रणगाड्याचं प्लास्टिक मॉडेलचं किट हातात आलं की जवळजवळ प्रत्येक जण हेच विचारतो. पूल उघडेल-मिटेल असा ठेवायचा, की एकाच स्थितीत पक्का करायचा? पक्का करा. रणगाड्यावरून उचलून वेगळा ठेवता येईल एवढी सोय जरूर करा, पण उघडझाप नको.

उदाहरणाला १/३५ मापातला, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाएवढा, अमेरिकी एम६०ए१ एव्हीएलबी हा पूल टाकणारा रणगाडा घेऊ. एम६० रणगाड्याचं टरेट, म्हणजे तोफेचा फिरता बुरूज, काढून त्या जागी पूल टाकायची यंत्रणा बसवलेली, आणि तिच्यावर मधोमध दुमडलेला कात्री पद्धतीचा ॲल्युमिनियमचा पूल. आत माणसं फक्त दोन. खरा पूल उघडला की १९.२ मीटर भरतो आणि सुमारे १८ मीटरची खाच ओलांडतो. मॉडेलमध्ये तो होतो ५५ सेंटीमीटर लांब आणि साडेअकरा सेंटीमीटर रुंद. खालचा रणगाडा जेमतेम २० सेंटीमीटरचा. एवढं मोठं प्रकरण एवढ्याशा धडावर तोलायचं असल्यामुळे ह्या किटमधलं खरं काम पुलाचं आहे. म्हणून सुरुवातही पुलापासून करा. चाकं, पट्टे, झाकणं नंतर निवांत होतात, आणि त्यात इतर कुठल्याही एम६०पेक्षा वेगळं काही नाही.

खऱ्या वाहनात दुमडलेला पूल हायड्रॉलिकच्या जोरावर आधी मागून उभा होतो, मग बिजागरी वर राहून पुढचा अर्धा भाग उघडत खाली जातो. दोन ते पाच मिनिटांत पूल पडतो. ह्या सगळ्या वेळात वाहनाच्या नाकाखालचा टेकू जमिनीवर दाबलेला असतो आणि बराचसा भार तो घेतो. किटमध्ये त्याच बिजागरीला प्लास्टिकची बारीक पिन असते. दहा-बारा वेळा उघडझाप केली की पिनेचं भोक गोलाचं लंबगोल होतं, रंग घासून पांढरं प्लास्टिक दिसू लागतं, आणि उघडलेला पूल मधे बसतो. तो बसलेला मध्य नंतर कशानेही सरळ होत नाही.

आता पूल बांधायचा कसा. काचवाल्याकडून ६० बाय २० सेंटीमीटरची, ६ मिलिमीटर जाडीची काच कापून आणा, कडा घासून घ्या. तुमच्या टेबलाचा सनमायका सपाट वाटतो, पण तो सपाट नसतो. पुलाचे लांब भाग साबणाच्या पाण्याने धुवून, वाळवून ह्या काचेवर ठेवा आणि टोकाखालून वर्तमानपत्राची पट्टी सरकवून बघा. सरकली, तर भाग वाकलेला आहे. तो गरम पाण्यात दोन मिनिटं ठेवा. पाणी हाताला सोसवणार नाही इतकं गरम हवं, उकळतं मात्र नको. मग काचेवर दाबून वर जाड पुस्तकं ठेवा आणि पूर्ण थंड होऊ द्या. घाईने उचललात तर तो परत वाकतो.

सगळ्यात जास्त पूल बिघडतात ते चिकटवताना. पातळ सिमेंट, म्हणजे मॉडेलसाठीचा पाण्यासारखा गोंद, प्लास्टिक विरघळवून जोडतं, आणि ते उडून जाताना विरघळलेला भाग आक्रसतो. २७ सेंटीमीटरच्या फटीत तुम्ही एका कडेने ब्रश ओढत नेलात, तर ती कड ओढली जाते आणि पट्टी धनुष्यासारखी वाकते. त्याच संध्याकाळी हे दिसत नाही. दुसऱ्या दिवशी काचेवर ठेवली की टोक उचललेलं असतं. उपाय सोपा आहे, फक्त धीर लागतो. दर ४-५ सेंटीमीटरवर एकेक थेंब द्या, एकदा डाव्या कडेला, एकदा उजव्या. काचेवर वजनाखाली तासभर ठेवा. मग मधल्या जागा तशाच आलटून पालटून भरा आणि २४ तास हलवू नका. फटीवर पुटी (फट बुजवायचा लेप) भरायची असेल तर आणखी एक दिवस थांबा. जोड आक्रसायचा थांबला नसेल तर घासून गुळगुळीत केलेल्या जागी आठवड्याने बारीक घळ उमटते.

पुलाची डावी आणि उजवी पट्टी, म्हणजे ज्यांवरून रणगाड्याचे पट्टे जातात ते दोन लांब भाग, समांतर नसतील तर बाकी सगळं व्यर्थ. दोन्ही बिजागऱ्या एकाच अक्षावर याव्यात म्हणून सायकलचा जुना, सरळ स्पोक वापरा. साधारण २ मिलिमीटर जाडीची पोलादी सळई फुकटात मिळते. किटमधली पिन टाकून द्या. हातड्रिलने भोकं स्पोकच्या मापाची करा, आणि चारही अर्धे भाग त्यात ओवून मगच आडव्या दांड्या चिकटवा. गुण्या लावून काटकोन बघत राहा. बिजागऱ्यांमध्ये अंतर आहे सुमारे ९ सेंटीमीटर. त्यातली एक नुसती अर्धा मिलिमीटर पुढे बसली, तर २७ सेंटीमीटरवरच्या टोकाशी चूक दीड मिलिमीटर होते. मिटलेल्या पुलाचा वरचा अर्धा खालच्यावर नीट न बसणं, ही तक्रार बहुतेक वेळा ह्याच अर्ध्या मिलिमीटरची असते. सगळं वाळल्यावर स्पोक काढा, त्याचेच दोन छोटे तुकडे कापून कायमच्या पिना करा.

आता स्थिती निवडा. मिटलेला पूल सगळ्यात मजबूत, आणि रणगाड्यासकट ३२ सेंटीमीटर लांबीत मावतो. कोपरखैरणे किंवा घोडबंदर रोडच्या वनबीएचकेतल्या भिंतीवरच्या फळीवर तो सुखाने राहतो. पूर्ण पडलेला पूल दाखवायचा तर नाला १८ मीटरचा करू नका. १२ मीटरचा, म्हणजे ३४ सेंटीमीटरचा करा. दोन्ही काठांवर पूल भरपूर टेकतो आणि मधे बसायला वाव राहत नाही. तरीही तुळईत पोकळी असेल तर बंद करण्याआधी ३ मिलिमीटरची चौकोनी पितळी नळी आत घाला, बिजागरीपलीकडे दोन्ही बाजूंना ८-८ सेंटीमीटर. पश्चिमेच्या खिडकीतल्या काचेच्या कपाटात मे महिन्यात प्लास्टिक हळूहळू सैल पडतं, आणि तेव्हा ही नळीच पूल धरून ठेवते.

अर्धा उघडलेला पूल मला सगळ्यात देखणा वाटतो. बिजागरी वर, दोन्ही अर्धे उलट्या ‘व्ही’सारखे. पण त्याची उंची आधी मोजा. पायथ्यासकट तो ३० सेंटीमीटरच्या वर जातो आणि पुष्कळ कपाटांचे कप्पे तेवढेच असतात. दुसरी अडचण तोलाची. समजा पूल १२० ग्रॅमचा आहे आणि तो जवळजवळ आडवा पुढे धरलाय. त्याचा गुरुत्वमध्य टेकूच्या पुढे २७ सेंटीमीटर, म्हणजे ३२४० ग्रॅम-सेंटीमीटर. २०० ग्रॅमचं धड मागे १० सेंटीमीटरवर धरलं तर २००० भरतात. उरलेल्या १२४० साठी टेकूपासून १७ सेंटीमीटर मागे, म्हणजे इंजिनच्या जागी, ७३ ग्रॅम लागतात. मी १०० टाकीन. पोलादी नट टाका आणि दोन भागांच्या इपॉक्सीत बसवा. शिशाचे छर्रे पांढऱ्या गोंदात कधीही नकोत. बंद जागेत त्यांची रासायनिक क्रिया होऊन ते फुगतात आणि वर्ष-दोन वर्षांनी धडाचे जोड फोडतात. त्याहून खात्रीचा मार्ग म्हणजे धडाच्या तळातून एम४ चा, म्हणजे ४ मिलिमीटर जाडीचा, बोल्ट घेऊन तो लाकडी पायथ्याला आवळणं. हे भोक पट्टे चढवण्याआधी पाडा.

पुलाच्या केबलसाठी किटमधला दोरा वापरू नका. त्याला तुसं असतात आणि रंग दिला की ती उभी राहतात. साध्या विजेच्या वायरीतल्या तांब्याच्या बारीक तारा घ्या, क्षणभर ज्योतीत तापवा म्हणजे मऊ होतील, आणि तीन-चार तारांना एकत्र पीळ द्या. अर्धा ते पाऊण मिलिमीटर जाडी ह्या मापाला शोभते.

रंगाच्या बाबतीत मला कळकळीने सांगायचंय की ह्या पुलावर गंज दाखवू नका. ॲल्युमिनियम तांबूस गंजत नाही. उतरलेल्या रंगाखाली चमकती किंवा मळकट चांदी दिसायला हवी. गंज फक्त पोलादी पिना, केबल आणि खालच्या यंत्रणेवर, तोही माफक. १९४५ मध्ये ब्रह्मदेशातही वापरले गेलेले ब्रिटिश व्हॅलेंटाइन पूलवाहू रणगाडे करत असाल तर तिथला पोलादी पूल खुशाल गंजवा. एम६० साठी आधी लॅकर प्रकारची (थिनरमध्ये विरघळणारी) चांदी मारा. वाळल्यावर केसांच्या स्प्रेचे दोन हात, त्यावर पाण्याच्या ॲक्रिलिकचा ऑलिव्ह हिरवा. वीस-तीस मिनिटांनी कोमट पाण्यात बुडवलेला आखूड, ताठ ब्रश घासायला लागा. हिरवा खवल्याखवल्याने निघतो. वरचा थरही लॅकरचा दिला तर असा निघत नाही. घासायचं कुठे? एम६०चा पट्टा खऱ्यात ७१ सेंटीमीटर रुंद, मॉडेलमध्ये २ सेंटीमीटर. म्हणून प्रत्येक पट्टीवर तेवढ्याच रुंदीची चाकोरी उजळ करा, चढाच्या टोकांना जास्त. त्यावर रबरी पॅडचे पुसट काळपट डाग द्या.

पावसाळ्याचं वेगळं सांगायला हवं. जुलैत ठाण्यात काय किंवा नेरुळ-वाशीत काय, खाडीवरची हवा पिळून काढावी इतकी ओली असते. लॅकर उडताना पृष्ठभाग गार होतो, त्यावर दव धरतं आणि रंगावर दुधी साय येते. एसी असेल तर तासभर ड्राय मोडवर चालवा, थिनरमध्ये थोडा रिटार्डर (रंग सावकाश वाळवणारा द्रव) घाला, पातळ थर द्या, रंगाच्या फवाऱ्याला हवा देणाऱ्या कॉम्प्रेसरच्या टाकीतलं आणि पाणी अडवणाऱ्या ट्रॅपमधलं पाणी दरवेळी काढा. एसी नसेल तर दोन-तीन उघडीचे दिवस मिळेपर्यंत हिरव्याचं काम करा आणि चांदी थांबवा. आणखी एक. लहान घरात स्वयंपाकघर, देवघर आणि आपलं टेबल हाकेच्या अंतरावर असतं. लॅकर मारताना गॅस बंद, देवापुढचा दिवा शांत झालेला, खिडकी उघडी आणि तोंडावर रसायनांच्या वाफेचा मास्क. कापडी मास्क वाफ अडवत नाही.

भारतीय काही करायचं असेल तर पुण्याच्या दिघीत डीआरडीओच्या आर अँड डीई संस्थेने विकसित केलेला ‘सर्वत्र’ पूल बघा. तो ट्रकवरचा आहे, पण कात्री पद्धतीचाच. १५ मीटरचा एकेक, पाच जोडून ७५ मीटर. एक पूल १/३५ मध्ये ४३ सेंटीमीटर होतो. तो स्टायरीन प्लास्टिकच्या शीटमधून कापून करावा लागतो, पण काच, स्पोक आणि आलटून पालटून चिकटवणं तेच.

राहिली सुटा काढायची सोय. मिटलेल्या पुलाखाली चार आणि यंत्रणेवर चार, ५ बाय २ मिलिमीटरचे निओडायमियम चुंबक बसवा. चिकटवण्याआधी प्रत्येकावर मार्करने बाजू लिहा, नाहीतर एखादा उलटा बसतो आणि पूल ढकलला जातो. मॉडेल ठाण्याहून वाशीला ट्रान्सहार्बरने न्यायचं असेल, तर पूल आणि रणगाडा दोन डब्यांत, फोमच्या कापलेल्या खाचेत ठेवा. डबा सामानाच्या रॅकवर नाही, मांडीवर.