पडद्यामागची भजी

संक्रांत झाली की आमच्या शाळेचं गॅदरिंग लागायचं. नाच, नाटुकली, शेलापागोटे, शेवटच्या दिवशी बुंदी आणि मठ्ठा. हे सगळीकडेच असतं, त्यावर वेगळं काय लिहिणार? पण सेलूकडच्या आमच्या शाळेत ऐंशीच्या दशकात दर वर्षी एक ‘आवाजांचा तास’ असायचा. तो मी दुसऱ्या कुठल्या शाळेत बघितला नाही.

तो विज्ञानाच्या सरांचा. गाणं येणाऱ्याला त्यात काडीचा भाव नव्हता, कारण पहिला नियमच तोंड बंद ठेवायचा. सरांचा टेपरेकॉर्डर एक, साठ मिनिटांची कॅसेट एक, आणि पोरांनी घरून आणलेलं काहीबाही: तुरीच्या वाळल्या शेंगा, कडब्याची पेंढी, बैलाची घुंगरमाळ, तेलाचा रिकामा डबा, फुटकी परात. प्रयोगशाळेत सतरंजीचा पडदा बांधायचा. एक गट मागे बसून आवाज काढणार, दुसरा पुढे बसून ओळखणार.

एका वर्षी पडद्यामागून असा काही सळसळता, बारीक तडतडीचा आवाज आला की पुढची सगळी पोरं एका सुरात ओरडली, “सर, पाऊस पडायलाय!” सर म्हणाले, “पुन्हा ऐका.” पुन्हा पाऊसच. कुणी म्हणे पत्र्यावरचा, कुणी म्हणे पानावरचा. एवढ्यात वास आला आणि पहिल्या रांगेतला एक जण टुणकन उठला, “कशाचा पाऊस, भजी तळायलेत की!” शाळेतल्या मावशी स्टोव्ह आणि कढई घेऊन मागे बसलेल्या. पुढे सतरंजीला महिनाभर कांद्याचा वास येत होता, पण त्या दिवसापासून मला पावसात भज्यांची आठवण का होते याला निदान एक कारण मिळालं.

खरा पाऊस हातांचा. चाळीस पोरं गोलात. सरांनी एकाकडे बघितलं की त्याने तळहात चोळायचे, मग शेजाऱ्याने, मग त्याच्या शेजाऱ्याने. फेरी पूर्ण झाली की चुटक्या, मग मांड्यांवर थापा, मग पाय. आणि त्याच वाटेने उलट परत यायचं. अट एकच: शेजारच्याचं कानाने ऐकल्याशिवाय आपण बदलायचं नाही. घाई करणारा लगेच उघडा पडायचा. वर पत्रे असल्यामुळे पाय आपटले की वर्ग दणाणून जायचा. बहात्तरचा दुष्काळ बघितलेले पालक म्हणायचे, “आवाज झ्याक आहे, पण तळ्यात काही पडेना.”

हलगी वाजवणारा एक पोरगा आमच्या वर्गात होता. थंडीत कातडं सैल पडतं, म्हणून आधी पाचटाच्या जाळावर हलगी शेकायची. शेकली की तिचा सूर वर चढतो. त्याने टेपसमोर एक कडक थाप दिली. ऐकताना गंमत कळली. थापेनंतर क्षणभर सगळं दबलेलं, आणि मग हळूहळू फुगत वर आलेली बाहेरची कावळ्यांची कावकाव, कुणाचं तरी नाक ओढणं. मशीन स्वतःच आवाजाची पातळी सांभाळतं, मोठा आला की दाबतं आणि शांत झालं की उचलतं, असं सरांनी सांगितलं. आम्हाला थापेपेक्षा ते नाक ओढणं जास्त आवडलं. तोच तुकडा पाच-सहा वेळा वाजवून घेतला.

थर चढवायची युक्तीही सरांचीच. टेपरेकॉर्डरमध्ये नवं भरण्याआधी जुनं पुसणारं एक वेगळं हेड असतं. त्याच्यावर जाड कागदाचा तुकडा चिकटवला की फीत त्याला नीट टेकत नाही, जुनं बरंचसं राहतं आणि नवं त्याच्यावर बसतं. मात्र दर थराला खालच्यातले बारीक, टोकदार आवाज मरत जायचे. घुंगरं आधी भरली तर शेवटी नुसती खसखस उरायची, म्हणून घुंगरमाळेचा नंबर नेहमी शेवटचा. हे आम्ही कॅसेटी नासवून शिकलो.

पुढे कळलं की असले उद्योग करणारे मोठे लोकही होते. पिएर शेफेर नावाच्या फ्रेंच माणसाने पॅरिसच्या बातिन्योल स्टेशनात जाऊन रेल्वे इंजिनांचे आवाज घेतले, तबकडीवरची खाच स्वतःतच वळवून बंद करून एकेक तुकडा गोल गोल फिरवला, आणि ५ ऑक्टोबर १९४८ ला तिथल्या रेडिओवर चक्क गोंगाटाची मैफल लावली. आपला मराठवाडा १७ सप्टेंबरला निजामातून सुटून तेव्हा तीन आठवडेही झाले नव्हते. आमच्या आजोबांना त्या महिन्यात कुणी फ्रान्समधल्या इंजिनाच्या शिट्ट्या ऐकवल्या असत्या तर त्यांनी हाकलूनच दिलं असतं. आम्हीही स्टेशनात जाऊन मीटरगेजच्या मालगाडीचा रुळांच्या सांध्यांवरचा खडखडाट भरून आणला होता, पण त्यावर पानवाल्याचा रेडिओच जास्त आला.

माझा आवडता खेळ मात्र हापशावरचा. डोळे बांधायचे, समोर घागर भरायला लावायची, आणि ती काठोकाठ आली की “भरली!” म्हणून ओरडायचं. पाणी वर चढतं तशी आतली हवेची जागा आखूड होते आणि आवाज खालून वर, जाड्याचा बारीक होत जातो. शेवटी तर तो इतका भराभर चढतो की कान तयार नसेल तर घागर सांडलीच. पोरी कधी चुकल्या नाहीत. घरचं पाणी रोज त्याच भरायच्या, त्यांना घागर बघावी लागतच नव्हती. पोरांनी मात्र दर वेळी पाणी वाया घालवलं. एकदा टेप चालू असतानाच मावशी आल्या, “कामून सांडायलेत रे मुडद्यांनो? तुमच्या बापानं विहीर खांदली का?”

शेवटच्या दिवशी आमचा अर्धा तासाचा ‘कार्यक्रम’ मंडपातल्या भोंग्यावर लागला. खसखस, शेंगा, हलगी, मालगाडी. लोक एकमेकांकडे बघत होते, मंडपवाला वायरी हलवून बघत होता. मग घागर चढत चढत आली आणि मावशींचा आवाज गावभर घुमला. अख्ख्या गॅदरिंगमधला एकमेव वन्समोअर त्या शिवीला मिळाला, आणि मावशी पदराआड हसत सरांना म्हणाल्या, “लावा की परत, बघता काय.”