आमची वाटचाल : कोपऱ्यावरचा इराणी ते परमिट रूम

लालबाग-परळ पट्ट्यातल्या आमच्या गाळ्याची हकीकत मालकांच्या नावांपेक्षा खिडक्यांपासून सुरू केलेली बरी. दारूचा कायदा बदलला की इथल्या भिंतीत काहीतरी बुजलं, नाहीतर फुटलं.

इमारत १९४० च्या आधीची, म्हणजे ‘अ’ वर्गातली उपकरप्राप्त, दुरुस्तीसाठी सरकारला उपकर भरणारी. विटा-चुन्याच्या जाड भिंती, सागाच्या तुळया, वर फळ्या आणि त्यावर कोबा. तळाला दुकानं, वर बिऱ्हाडं. कोपऱ्याचा गाळा इराण्याकडे होता आणि तो दोन्ही रस्त्यांना उघडा होता. उंच छत, माथ्यावर झरोके, पोटमाळा, संगमरवरी टेबलं. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने त्याचं काही बिघडलं नाही. गिरणीची पाळी सुटली की चहा, ब्रून-मस्का आणि खिमा खपायचाच. लोक प्यायचे ते गल्लीतल्या आंटीकडे, म्हणजे चोरून दारू विकणाऱ्या बाईकडे.

सत्तरच्या दशकात धोरण सैल झालं आणि शहरभर परमिट रूम, म्हणजे बसून दारू प्यायच्या परवानाधारक जागा, उभ्या राहिल्या. आम्ही पागडीने गाळा घेतला तो त्यानंतर. परवाना एफएल-३, म्हणजे जागेवर विदेशी मद्य देण्याचा. पिणारं गिऱ्हाईक रस्त्यावरून दिसू नये, ही तेव्हाची रीत. म्हणून बाजूच्या रस्त्याची दारं विटांनी बुजली, झरोक्यांवर प्लाय बसला, पुढे काळी काच आली. संगमरवरी टेबलं वर्षभरात खडबडीत झाली, कारण लिंबाचा रस संगमरवर खातो आणि बारच्या टेबलावर लिंबू-सोडा सांडतच असतो. ते तुकडे आता गल्ल्यामागच्या फळीवर आहेत. टेबलांना सनमायका लावला.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. उधारीची वही फुगली आणि तशीच राहिली. त्यानंतर फॅमिली सेक्शन, मग वातानुकूलन. उघडं असं काही उरलंच नाही.

खरा तोटा झाला तो इमारतीचा, आणि तो कळायला बराच काळ गेला. सागाची तुळई मधे सहसा सडत नाही, भिंतीत शिरते तिथे सडते. झरोके उघडे असताना तिची टोकं वाळायची. ते बंद झाले, वर मोरीची गळती, खाली भटारखान्याची वाफ, त्यात भिंतीला सिमेंटचा गिलावा. चुन्याची भिंत ओल बाहेर टाकते, सिमेंट ती आत कोंडतं. मग बुरशी, मागोमाग वाळवी. तपासणी सोपी आहे: भिंतीपासून फूटभर अंतरात तुळईत पेचकस दाबून बघायचा. अर्धा इंच सहज आत गेला, किंवा हातोडीने ठोकल्यावर पोकळ आवाज आला, तर ते टोक गेलं समजा. रंग चांगला आहे यावर जाऊ नये. रंग सगळ्यात शेवटी पडतो.

दुरुस्तीला घरमालकाची संमती आणि म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाचं ना-हरकत पत्र लागतं, शिवाय वरच्या भाडेकरूंशी आधी बोलणं. काम असं केलं. तुळईच्या दोन्ही अंगांना, भिंतीपासून दोन-अडीच फुटांवर लोखंडी टेकू, त्यांच्याखाली जाड फळी, म्हणजे भार एका लादीवर येत नाही. टेकूचा स्क्रू एकदम पिळायचा नाही. रोज पाव फेरा. घाई केली की वरच्या खोलीत कोब्याला तडा जातो आणि भांडण खाली येतं. मग सडलेलं टोक चांगलं लाकूड लागेपर्यंत कापून काढलं, जुन्या सागाचा तुकडा जोडला, दोन्ही बाजूंनी १५० मिमीचे लोखंडी चॅनेल लावून १६ मिमीच्या बोल्टांनी आवळले. बोल्ट एका रांगेत नकोत, वर-खाली असावेत, नाहीतर लाकूड त्याच रेषेत चिरतं. भिंतीतल्या खोबणीत टोकाखाली दगडी बैठक दिली आणि तिन्ही अंगांना अर्धा इंच पोकळी सोडली. ही पोकळी बघितली की गवंड्याचा हात सिमेंटच्या घमेल्याकडे जातोच. तिथे आपण स्वतः उभं राहावं लागतं.

सिमेंटचा गिलावा काढून चुन्याचा केला. एक भाग मुरवलेला चुना, तीन भाग वाळू, एका थराला १० ते १२ मिमी. वर प्लास्टिक पेंट नाही, चुन्याचाच हात. बाजूच्या दोन दारांच्या विटा काढून तिथे जाळीच्या खिडक्या बसवल्या.

२ ऑक्टोबर २००८ पासून आत धूम्रपान बंद झालं. तीसहून कमी खुर्च्यांच्या जागेला वेगळी खोलीही करता येत नाही, त्यामुळे गिऱ्हाईक फुटपाथवर गेलं आणि छताचा पिवळेपणा थांबला. २९ डिसेंबर २०१७ च्या कमला मिल्सच्या आगीत १४ जण गेले. ती जागा आमच्यापासून जवळच. त्यानंतर, पूर्वी बुजवलेलं तिसरं दार मोकळं करून बाहेर पडायची वाट केली. दार बाहेरच्या बाजूला उघडतं, आणि त्यापुढे बिअरचे क्रेट ठेवायचे नाहीत हे पोरांना रोज सांगावं लागतं.

सिलिंडर जाऊन पाइपचा गॅस आला, तेव्हा झरोक्यांचा हिशेब उलटला. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो, म्हणून त्याला खाली जाळी लागते. पाइपचा गॅस हलका, तो वर चढतो. आमच्याकडे तो पोटमाळ्याखालीच कोंडला असता. म्हणून इराण्याचे जुने झरोके तिथेही उघडले.

दारूच्या हिशेबात मात्र फारसं बदललेलं नाही. ७५० मिलीच्या बाटलीत ३० मिलीचे २५ पेग. वैधमापनाचा शिक्का असलेलं माप, आणि रात्री उघड्या बाटल्यांसकट शिलकीचा नोंदवहीशी मेळ. करांबद्दल लिहिण्यात अर्थ नाही. १ नोव्हेंबर २०२३ पासून परमिट रूमचा व्हॅट ५ वरून १० टक्के झाला, एवढं पुरे.

२०२५ मध्ये महापालिकेने कोळशाच्या तंदूर भट्ट्या वीज किंवा गॅसवर न्यायला सांगितल्या. आम्ही गॅसची घेतली. विजेच्या भट्टीला मंजूर भार वाढवावा लागला असता, आणि सगळ्या इमारतीचे मीटर आजही लाकडी जिन्याखाली आहेत. ते बाहेरच्या भिंतीवर हलवायला सगळ्या भाडेकरूंच्या सह्या हव्यात. दोन बिऱ्हाडांची कुलपं गावी गेलेल्यांची आहेत, त्यामुळे अर्ज अजून भरलेला नाही.