‘मॅडम, झाडं किती?’

शाळेत पस्तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं, पण पैसे देणाऱ्या कंपनीच्या तक्त्यातल्या ‘वाचलेली रोपं’ या रकान्यात ‘लागू नाही’ असं लिहायला जो धीर लागला, तो कुठल्याही परीक्षेला लागला नव्हता.

आमची संस्था लहान. धर्मादाय कार्यालयात नोंदलेली, पाच विश्वस्त, त्यातले तिघे निवृत्त. त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या एका गावाचं गायरान राखायचं होतं. अंजनेरीच्या माथ्यावर, जगात दुसरीकडे कुठेच नसलेली कंदीलपुष्पाची एक जात गवताच्या आडोशानं वाढते, हे मुलांना तिथे नेऊन दाखवलेलं. खालच्या माळांवर मात्र पवन्या, मारवेल ही चाऱ्याची गवतं जाऊन कुसळ आणि घाणेरीची झुडपं माजत चाललेली. पैसे लागणार होते ते मुख्यतः राखणदाराच्या पगाराला आणि घाणेरी उपटायच्या मजुरीला.

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीनं भेटायला बोलावलं. सीएसआर, म्हणजे कंपनीचा सामाजिक कामावरचा खर्च, बघणारा मुलगा भला होता. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मॅडम, झाडं किती?”

“एकही नाही.”

“मग फोटो कशाचा काढायचा?”

माळावर झाडं लावली की माळ सुधारतो, हा आपल्याकडचा पक्का समज. लावा, चंडोल, टिटवी यांना उघडा माळच लागतो. तिथे ओळीनं गिरिपुष्प लावलं तर हिरवं दिसतं, पण माळ जातो. हे त्याला पटलं. मात्र त्याच्या तक्त्यात ‘दर झाडामागे खर्च’ असा रकाना होता आणि शून्यानं भागायचं कसं, हा त्याचा प्रश्न बरोबरच होता.

घरी येऊन कंपनी कायदा काढला. कलम १३५नुसार ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्चावी लागते. कोणत्या कामावर, ते सातव्या अनुसूचीत आहे. तिथे पर्यावरणीय समतोल आहे, वनस्पती आणि प्राण्यांचं रक्षण आहे, माती-पाण्याची प्रत आहे. शेतीवनीकरणही आहे, पण झाडं लावलीच पाहिजेत असं कुठेही नाही. तो उतारा छापून, खाली रेघ मारून पुढच्या भेटीला नेला. शिक्षकाची खोड!

कागदपत्रांचं फार सांगत नाही. १२ए, ८०जी या प्राप्तिकराच्या नोंदण्या, तीन वर्षांचे ताळेबंद आणि अशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव. शिवाय १ एप्रिल २०२१पासून सक्तीचा झालेला, संस्थेच्या नोंदणीचा सीएसआर-१ फॉर्म. तो सीएसारख्या व्यावसायिकाकडून प्रमाणित करून घ्यावा लागतो. आमच्या एका विश्वस्तांच्या नावाचं स्पेलिंग पॅनकार्डावर वेगळं होतं, त्यात तीन आठवडे गेले.

खरा कस गावात लागला. पहिली ग्रामसभा गणपूर्तीअभावी तहकूब झाली. दुसरीला माणसं आली, पण शेळ्यावाल्या बायका उठून म्हणाल्या, “ताई, तुमचं गवत वाढंल, आमच्या शेळ्या कुठं न्यायच्या?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते एका म्हाताऱ्या बाबांनी दिलं. पावसाळ्यात अर्धं गायरान बंद, अर्धं खुलं आणि पुढच्या साली अदलाबदल. दिवाळीनंतर बंद भागातलं गवत विळ्यानं कापून डोक्यावर न्यायचं, दर घरामागे भारे ठरवून. “गवत काय लावाया लागतं व्हय? गुरं आडवली का आपसूक येतंय.” ठराव तसाच लिहिला.

कंपनीनं होकार कळवला तो फेब्रुवारीत, ‘३१ मार्चच्या आत खर्च दाखवा’ या अटीसह. आता फेब्रुवारीत गवत कुठून दाखवू? इथे ‘चालू प्रकल्प’ ही तरतूद कामाला आली. काम एकाहून जास्त वर्षांचं असेल आणि संचालक मंडळानं ते तसं मंजूर केलं असेल, तर उरलेले पैसे आर्थिक वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत वेगळ्या खात्यात ठेवता येतात आणि पुढची तीन आर्थिक वर्षं खर्चता येतात. त्या मुलाला हे माहीत होतं. कंपनीला नव्या असलेल्या संस्थेसाठी मंडळाकडे शब्द टाकायला तो कचरत होता, इतकंच. टाकला. मोजायचं काय तेही आम्ही दोघांनी बसून ठरवलं: गवताचे भारे, घाणेरी काढलेलं क्षेत्र आणि ठरलेल्या वाटेवर दर महिन्याला दिसलेले पक्षी.

पगाराच्या रकमेवर हिशेबखात्यानं शेवटपर्यंत कुरकुर केली. कुंपण घाला, ते मालमत्तेत धरता येतं, असं त्यांचं म्हणणं. पण माणूस बांधावर उभा राहून गुरं वळवतो आणि वर शेजाऱ्याशी भांडण होऊ देत नाही, ते कुंपणाला कसं जमणार?

सप्टेंबरात तो मुलगा स्वतः आला. सोनकी फुललेली, गवत मांडीपर्यंत. तासभर चालला, फोटो भरपूर काढले.

महिन्याभरानं कंपनीचा फलक आला. वर मोठं हिरवं झाड आणि खाली ठळक अक्षरांत ‘वृक्षारोपण प्रकल्प’. फोन केला तर म्हणाला, “मॅडम, छापून झालाय. दुसरा पुढच्या वर्षीच्या बजेटमध्ये टाकू.”