सेव्ह केलेली फाइल जाते कुठे?

"ताई, फाइल सेव्ह केली, आता सापडत नाहीये. गेली कुठे?" शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर आठवड्यातून एकदा तरी कुणी ना कुणी मला हे विचारतंच. फोर्टमधल्या एका ऑफिसात मी तीस वर्षं रेकॉर्ड रूम सांभाळली, म्हणून असेल.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. इंटरनेटवरून उतरवलेली असेल तर ती बहुतेक वेळा 'डाउनलोड्स'मध्येच पडलेली असते. आपण वेगळी जागा सांगितली नाही की सगळं तिथेच जातं. ब्राउझर उघडा असताना कंट्रोल आणि जे एकदम दाबा, यादी समोर येते.

मागच्या महिन्यात आमच्या मजल्यावरच्या काकांचा कॉम्प्युटर बघायला गेले. स्क्रीनवर नातीचा फोटो, पण आयकॉनच्या गर्दीतून पोरीचा एकच डोळा दिसत होता. डाउनलोड्स उघडलं, तर एकच लाइट बिल सात वेळा! सापडेना की काका पुन्हा उतरवायचे, आणि कॉम्प्युटर बिचारा नावापुढे कंसात १, २, ३ घालत बसला होता.

चार फोल्डर केले: घर, बँक, तब्येत, फोटो. काकांना चौदा हवे होते. मी साफ नाही म्हटलं. कप्पे वाढले की कुठल्या कप्प्यात काय ठेवलं, हे शोधण्यातच दुपार जाते. खरी गोम नावात आहे. फाइलवर एकदा क्लिक करून एफ २ दाबलं की नाव बदलता येतं. काकांनी 'लाइट बिल ५/३/२०२५' लिहायला घेतलं, पण विंडोज ऐकेना. तिरकी रेघ तिथे चालत नाही. मग मी आधी वर्ष, नंतर महिना आणि शेवटी कशाचं ते लिहायला लावलं: '२०२५-०३ लाइट बिल'. अशी नावं दिली की बिलं महिन्यांच्या क्रमाने आपसूक लागतात. दिवस आधी लिहिलात, तर सगळ्या महिन्यांची मिसळ होते.

फाइल चुकून भलत्याच फोल्डरमध्ये टाकलीत, तर लगेच कंट्रोल आणि झेड दाबा, ती परत येते. डिलीट झालेलं बहुधा रिसायकल बिनमध्ये मिळतं. पेन ड्राइव्हवरचं मात्र तिथे येत नाही. पुतणीच्या लग्नाचे फोटो घालवून मी हे शिकले. तिच्या कानावर अजून घातलेलं नाही.