आकाशात दिसणारी पाटी

आमचे टाइल्सचे दुकान कात्रज-देहूरोड बाह्यवळणाच्या सेवारस्त्यावर आहे. समोरचा मुख्य रस्ता भरावावरून जात असल्यामुळे गाडीतून जाणाऱ्याला आमच्या इमारतीची केवळ गच्ची दिसते, दुकानाची पाटी दिसत नाही. त्यामुळे गेल्या वर्षी पाटी बदलायची ठरली, तेव्हा बोर्ड करणाऱ्याने पहिला सल्ला दिला तो गच्चीवर लोखंडी सांगाडा उभारून वीस बाय दहा फुटांचा फलक लावण्याचा. अँगल, बेसप्लेट, वेल्डिंग असा सगळा हिशेब त्याने तोंडपाठ सांगितला. सांगाडा स्लॅबला कशाने धरून राहणार, असे विचारल्यावर त्याने खिशातून बोटभर लांबीचा फास्टनर काढून माझ्या तळहातावर ठेवला आणि प्रत्येक पायाला असे चार पुरेत, असे सांगितले.

तो फास्टनर हातात घेतल्यावरच मी नियम मुळातून वाचायचे ठरवले. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या 244 आणि 245 या कलमांत दुकानाची पाटी आणि आकाशचिन्ह यांत स्पष्ट फरक केलेला आहे. महापालिकेतल्या खात्याला ‘आकाशचिन्ह व परवाना विभाग’ का म्हणतात, हे तोपर्यंत मला कळले नव्हते. खांबावर किंवा सांगाड्यावर उभारलेला आणि रस्त्यावरच्या कोणत्याही ठिकाणाहून पाहिले असता ज्याच्या मागे आकाश दिसते असा फलक म्हणजे आकाशचिन्ह, आणि त्याला आयुक्तांची लेखी परवानगी लागते. ही परवानगी एका वेळी दोन वर्षांहून अधिक काळासाठी देता येत नाही. याउलट, ज्या जागेत धंदा चालतो त्याच जागेवर त्याच धंद्याची माहिती देणाऱ्या जाहिरातीला, ती आकाशचिन्ह नसेल तर, कायद्याने सवलत दिली आहे. म्हणजे भिंतीलगतची आमची जुनी पाटी आणि गच्चीवरचा प्रस्तावित फलक यांवरचा मजकूर एकच असला, तरी कायद्याच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

हा भेद मला अतिशय शहाणपणाचा वाटतो, कारण ज्याच्या मागे आकाश असते त्याला वारा अडवायला मागे भिंत नसते. भारतीय मानकानुसार इमारतींच्या रचनेसाठी पुण्यात वाऱ्याचा मूलभूत वेग सेकंदाला 39 मीटर धरतात. त्या वेगाला दर चौरस मीटरवर सुमारे 93 किलो दाब येतो, आणि वीस बाय दहाच्या फलकाचे क्षेत्रफळ साडेअठरा चौरस मीटरहून थोडे अधिक भरते. याचा अर्थ आमच्या गच्चीवरच्या त्या फास्टनरांवर पावणेदोन टनांच्या आसपास आडवा रेटा आला असता. मुंबईसाठी हाच वेग 44 मीटर धरतात, आणि दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो.

13 मे 2024 रोजी घाटकोपरला छेडानगरच्या पेट्रोलपंपावर जो फलक कोसळला, त्याचा आकार 120 बाय 120 फूट होता. मुंबई महापालिकेची कमाल मर्यादा 40 बाय 40 ची होती, म्हणजे क्षेत्रफळ मर्यादेच्या नऊपट होते. सतरा माणसे गेली. ती जागा लोहमार्ग पोलिसांच्या ताब्यात होती, त्यामुळे महापालिकेची परवानगी लागते की नाही यावरच वाद होता. 5 ऑक्टोबर 2018 ला पुण्यात जुन्या बाजाराजवळ सिग्नलला थांबलेल्या वाहनांवर फलकाचा सांगाडा पडून चार जण गेले, तीही जागा रेल्वेचीच होती. जागेचा मालक कोण यावर सांगाड्याची तपासणी अवलंबून राहावी, हे मला मुळीच मान्य नाही. महामार्गाची हद्द प्राधिकरणाची, सेवारस्त्यालगतचा प्लॉट खासगी आणि शेजारची पट्टी आणखी एखाद्या खात्याची असली, तरी फलक पडतो तो खालच्या माणसावरच. स्थापत्य अभियंत्याचे स्थैर्य प्रमाणपत्र प्रत्येक फलकाला लागले पाहिजे आणि ते देणाऱ्याने पाया प्रत्यक्ष पाहिलेला असला पाहिजे.

मराठी पाटीच्या नियमाबद्दल आमच्याकडे फारशी चर्चा करावी लागली नाही. दुकानाचे नाव मराठीत, देवनागरी लिपीत ठळक लावण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने 25 सप्टेंबर 2023 रोजी दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली होती, आणि आमचे नाव पहिल्यापासून देवनागरीतच ठळक होते.

शेवटी आम्ही गच्चीचा विचार सोडून दिला आणि दर्शनी भिंतीवर, शटरच्या वर, एसीपीचा, म्हणजे ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांच्या पॅनेलचा, बोर्ड करून घेतला. भरावावरून तो अजूनही दिसत नाही, पण सेवारस्त्यावर उतरलेल्या गिऱ्हाइकाला लांबून वाचता येतो.

आमच्या शेजारच्या प्लॉटवर मात्र एक जुना सांगाडा तसाच उभा आहे. त्याचे फ्लेक्स केव्हाच फाटून गेले असून खांब जमिनीत शिरतो तिथे गंजाचे पापुद्रे हाताने निघतात. त्याच्या सावलीत चहाची टपरी आहे. 17 एप्रिल 2023 ला किवळ्यात, याच महामार्गाच्या सेवारस्त्यावर, वादळात आडोशाला थांबलेल्या लोकांवर फलक कोसळून पाच जणांचा जीव गेला, हे मी टपरीवाल्या काकांना सांगितले. त्या खांबाचे फोटो जोडून परवाना विभागात लेखी अर्ज दिला आहे आणि त्याची पोच माझ्याकडे आहे. तोपर्यंत वारा सुटला की गिऱ्हाइकांसकट आमच्या दुकानात यायचे, असे काकांशी ठरले आहे.