संपलेली स्क्रिप्ट, न संपणारं इन्स्टॉल

आमचं डेबियन लिनक्ससाठीचं पॅकेज माझ्या लॅपटॉपवर निमूट इन्स्टॉल व्हायचं. टेस्टच्या कोऱ्या कंटेनरमध्ये (मशीनमध्येच वेगळी ठेवलेली छोटी सिस्टम) मात्र 'सेटिंग अप' या ओळीवर जे अडायचं ते अडायचंच. एरर नाही, सीपीयू गार. टीममध्ये यावर तोडगा ठरलेला होता: कंट्रोल-सी मारा, अर्धवट राहिलेलं इन्स्टॉल पुरं करणारी 'डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' ही कमांड चालवा, दुसऱ्यांदा होतंच. का होतं, ते कुणी विचारत नव्हतं. त्या दिवशी यापायी रिलीज अडलं आणि काम माझ्या गळ्यात पडलं.

पोस्टइन्स्ट, म्हणजे फाइली बसल्यावर चालणारी पॅकेजची स्क्रिप्ट; तिच्या सुरुवातीला 'सेट -एक्स' टाकलं, म्हणजे चालणारी प्रत्येक ओळ छापली जाते. ट्रेसची शेवटची ओळ: एक्झिट शून्य, म्हणजे यशस्वी शेवट. म्हणजे स्क्रिप्ट नीट संपत होती! दुसऱ्या टर्मिनलमध्ये प्रोसेसची यादी देणारं पीएस मारलं, तर पोस्टइन्स्टपुढे 'डिफंक्ट' (संपलेली, पण पेरेंटने अजून दखल न घेतलेली) आणि तिची पेरेंट, म्हणजे इन्स्टॉलच्या वेळी प्रश्न विचारणाऱ्या डेबकॉन्फची पर्ल प्रोसेस, तशीच बसलेली. प्रोसेस कर्नलकडे काय मागते ते दाखवणाऱ्या स्ट्रेसमध्ये दिसलं की ती एका पाइपवर (दोन प्रोसेसमधली डेटाची नळी) रीड करत थांबली आहे. मग दुसरं टोक कुणाकडे? प्रॉकमध्ये आमच्या डेमनची (पॅकेजमधला, मागे सतत चालणारा प्रोग्रॅम) एफडी डिरेक्टरी, म्हणजे त्याने उघडलेल्या फाइल-पाइपांची क्रमांकवार यादी, उघडली. तीन नंबरपुढे पाइप, आणि आयनोड नंबर (पाइपची ओळख) हुबेहूब तोच.

डेबकॉन्फशी बोलायला स्क्रिप्ट डिस्क्रिप्टर तीन, म्हणजे त्या यादीतला तीन नंबर, वापरते. तिने अँपरसँड लावून, म्हणजे बॅकग्राउंडला, डेमन सोडला की तो हा तीन नंबर वारशात घेऊन जातो. तो जिवंत आहे तोवर पाइप बंद होत नाही, आणि डेबकॉन्फला वाटतं, स्क्रिप्टचं बोलणं अजून बाकी आहे. लॅपटॉपवर डेमन सिस्टमडी (सेवा सुरू-बंद करणारा लिनक्सचा प्रोग्रॅम) सुरू करतं, त्यामुळे हा वारसाच नाही. कंटेनरमध्ये सिस्टमडी नव्हतं, म्हणून स्क्रिप्ट आडवाटेने जायची, डेमन स्वतःच सोडायची.

डेमनला किल केलं. इन्स्टॉल तत्क्षणी पुढे सरकलं.

"मग दुसऱ्यांदा कसं काय व्हायचं रे?" शेजारच्या टेस्टरने विचारलं. प्रश्न रास्त होता. स्क्रिप्टमधून बॅकग्राउंडला सोडलेल्या प्रोसेसला शेल कंट्रोल-सीचा सिग्नल लागू देत नाही. डेमन वाचायचा, पुढच्या खेपेला स्क्रिप्टला पीआयडी फाइल (चालू डेमनचा प्रोसेस नंबर ठेवणारी) दिसायची आणि ती नवा डेमन सुरूच करायची नाही.

डेबकॉन्फच्या मॅन्युअलमध्ये हे लिहिलेलंच आहे: पोस्टइन्स्ट डेमन सुरू करत असेल तर शेवटी 'डीबी_स्टॉप' (डेबकॉन्फशी बोलणं संपलं असं सांगणारी कमांड) द्या. ते दिलं, डेमनसाठी डिस्क्रिप्टर तीनही बंद केला आणि पॅकेज लावून-काढून तपासणारं पिउपार्ट्स लावलं. इन्स्टॉल, अपग्रेड पास झाले. पर्जनंतर (पॅकेज पूर्ण काढल्यावर) पीआयडी फाइल मागे राहते, अशी नवी तक्रार मात्र पिउपार्ट्सने केली. ती दुसऱ्या दिवशीच्या यादीत गेली.