आमची वाटचाल: पॉलिसी दुकानाची, काम गावभर

पूर किती आला हे नाशिककर फुटांत विचारत नाही. गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी आलं, एवढंच विचारतो. २ ऑगस्ट २०१६ ला सकाळपासून आमच्या घरातले फोन याच प्रश्नासाठी वाजत होते. गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं. आमचं फोटो-व्हिडिओचं दुकान तेव्हा भांडी बाजाराजवळ, तळमजल्यावर. छाती ऐकल्यावर मी आणि नवरा तसेच निघालो, पण गल्लीच्या तोंडाशीच पाण्याने अडवलं.

हे दुकान आम्ही २०११ मध्ये थाटलं होतं. पुढे पासपोर्ट फोटो आणि झेरॉक्स, मागच्या खोलीत मिक्सिंग, म्हणजे व्हिडिओची जोडणी. नवरा शूट करतो. मिक्सिंग, अल्बमचं डिझाइन आणि हिशेब माझ्याकडे. निफाड, दिंडोरी, सिन्नर इथली लग्नं करत करत पाच वर्षांत घडी बसली होती.

पाणी ओसरल्यावर शटर वर केलं तर प्रिंटर, दोन्ही यूपीएस आणि टेबलाखालचे सीपीयू चिखलात. अल्बमचे कागद फुगून एकमेकांना चिकटलेले. पॉलिसी आहे, या धीरावर मी त्या दिवशी रडले नाही. ओळखीतल्या एजंट काकांनी ३ लाखांची दुकानदार पॉलिसी काढून दिली होती. ३ लाखांचा आकडा माझाच. हप्ता कमी बसावा म्हणून. प्रत्यक्षात दुकानातलं सामान तोवर ६ लाखांच्या घरात गेलं होतं. विमा कंपनीचे सर्व्हेअर आले, बिलं पाहिली आणि शांतपणे समजावून सांगितलं, की सामानाच्या निम्म्या किमतीचाच विमा उतरवला असेल तर नुकसानही निम्मंच भरून मिळतं. नुकसान १ लाख ४० हजारांचं. त्याचे झाले ७० हजार. त्यातून घसारा, म्हणजे सामान जुनं झाल्याने उतरलेली किंमत, आणि पॉलिसीत ठरलेली वजावट, म्हणजे आपणच सोसायचा वाटा, गेली, हाती आले ५१ हजार. ३ लाखांची पॉलिसी म्हणजे ३ लाखांपर्यंतचं सगळं नुकसान मिळणार, अशी माझी पक्की समजूत होती. आजही आमच्या लाईनमधल्या दहा जणांना विचारलं तर बहुतेक जण हेच सांगतील, म्हणून हा आकड्यांचा हिशेब मुद्दाम पूर्ण लिहिला.

त्यानंतर दुकान इंदिरानगरला पहिल्या मजल्यावर नेलं. २०१७ मध्ये मुद्रा योजनेतून किशोर, म्हणजे मधल्या रकमेच्या गटाचं कर्ज घेऊन कॅमेऱ्याच्या दोन नव्या बॉडी आणि लेन्स घेतल्या. बँकेने कर्जाबरोबर विमाही काढायला लावला. कागद फाइलला लागले, फाइल कपाटात गेली. एकदा हात पोळूनही मी ती पॉलिसी वाचली नाही, कारण बँकेने काढलीय म्हणजे नीटच असेल असं धरून चालले.

डिसेंबर २०१८. तिथी दाट होत्या. संगमनेरकडचं लग्न उरकून नवरा आणि कामावरची तीन पोरं रात्री परतत होती. सिन्नरच्या अलीकडे ढाब्यावर जेवायला थांबली. गाडी वीस पावलांवर. जेवून आले तर डिकी बंद होती, कुठे ओरखडाही नव्हता, आणि मोठी बॅग गायब. दोन बॉडी, २४-७० आणि ७०-२०० च्या लेन्स, दोन फ्लॅश. सगळं मिळून ३ लाख ८५ हजार. शूट केलेली मेमरी कार्डं मात्र नवऱ्याच्या शर्टाच्या खिशात होती. माझे सासरे रोलच्या काळातले फोटोग्राफर. काढलेला रोल बॅगेत टाकायचा नाही, अंगावर ठेवायचा, ही त्यांची शिस्त. त्या शिस्तीमुळे लग्न वाचलं. नाहीतर त्या मुलीच्या आईवडिलांसमोर कोणत्या तोंडाने उभे राहिलो असतो!

फिर्याद दिली, क्लेम टाकला. महिनाभरात उत्तर आलं, की विमा दुकानाच्या पत्त्यावर असलेल्या सामानाचा आहे. सामान त्या वेळी तिथे नव्हतं, म्हणून दावा मान्य नाही. मी फाइल काढून पहिल्यांदा नीट वाचली. तिसऱ्या पानावर खरंच आमच्या दुकानाचा पत्ता होता आणि दुसरं काहीच नव्हतं. जो कॅमेरा आठवड्यातले पाच दिवस बाहेर असतो, त्याचा विमा कपाटातल्या कपाटात. शिवाय क्लेम मंजूर झाला असता तरी पैसे आधी बँकेकडे गेले असते, कारण सामान बँकेकडे तारण. पॉलिसीवर तशी ओळच असते. गेलेल्या कॅमेऱ्यांचे हप्ते आम्ही पुढे २२ महिने भरले.

त्या उन्हाळ्यात एक काम केलं. एका लग्नपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लग्नाचा अख्खा दिवस लिहून काढला. पहाटे दुकानातून सामान गाडीत. गाडी लॉन्सबाहेर. हळदीला स्टँड आणि लाईट. वऱ्हाडी, लहान मुलं, पायात वायरी. जनरेटर. ड्रोन. सीझनमध्ये भाड्याने आणलेली लेन्स. जेवायला बसल्यावर बॅग कोणाजवळ? रात्रीचा प्रवास. घरी आल्यावर कार्ड रिकामी करणं. प्रत्येक ओळीपुढे एकच प्रश्न लिहिला: इथे काही झालं तर पैसे कोण देणार? अकरापैकी नऊ ओळींपुढे "आपण" असं आलं. ती पत्रिका घेऊन मी तीन ठिकाणी फिरले. कोणती पॉलिसी चांगली, असं कुणालाच विचारलं नाही. या ओळींपैकी किती तुमच्या पॉलिसीत बसतात, आणि कोणत्या पानावर, एवढंच विचारलं.

कॅमेरा, लेन्स, गिंबल (कॅमेरा हलू न देणारा दांडा) यांच्यासाठी ऑल रिस्क पॉलिसी घेतली, भारतभर चालणारी, प्रत्येक वस्तू सिरीयल नंबरसकट नोंदवून. नावात ऑल असलं तरी सगळं त्यात येत नाही. झीज, आतला बिघाड, पावसाळ्यात लेन्सला धरणारी बुरशी, हे त्यात नाही. गाडीत कुणी नसताना झालेल्या चोरीची अट सगळ्यात बारीक वाचली: गाडी पूर्ण बंद हवी, कुलूप फोडल्याची खूण हवी. म्हणजे ढाब्यावरची ती चोरी या पॉलिसीतही बसली नसती! त्यामुळे अर्धा उपाय पॉलिसीचा आणि अर्धा आमचा. आता जेवताना बॅग टेबलाखाली, एका पोराच्या पायाला पट्टा अडकवून. रंगपंचमीला रहाडीजवळ, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या जुन्या हौदाजवळ, शूट करताना कॅमेऱ्यात पाणी गेलं तर काय, हेही मी लिहून विचारलं आणि लेखी उत्तर फाइलला लावलं. तोंडी "होऊन जाईल ताई" याला क्लेमच्या वेळी काही किंमत नसते.

भाड्याने आणलेलं सामान आपलं नसतं, त्यामुळे ते वेगळं कळवावं लागतं. रोजावर येणाऱ्या कँडिडवाल्याचा, म्हणजे न सांगता सहज क्षण टिपणाऱ्याचा, स्वतःचा कॅमेरा आमच्या पॉलिसीत येत नाही, हे त्याला आम्ही आधीच सांगतो. विम्याची रक्कम आज तीच वस्तू नवीन घ्यायला जितकी लागेल तितकी धरली. हप्ता वाढला. पण वर्षाचं सगळं मिळून एका मध्यम लग्नाच्या ॲडव्हान्सइतकं जातं.

थर्ड पार्टीची पॉलिसी, म्हणजे आपल्यामुळे दुसऱ्याला इजा झाली तर, ही मात्र नवऱ्याला नको होती. आपल्याकडे कोण दावे लावतं, असं त्याचं म्हणणं. मी आग्रहाने घेतली. मे २०२२ मध्ये गंगापूर रोडच्या एका लॉन्सवर हळद चालू असताना वळवाचं वारं सुटलं आणि सॉफ्टबॉक्सचा, म्हणजे कापडी पेटीतल्या लाईटचा, स्टँड नवरीच्या मावशींच्या खांद्यावर पडला. गळ्याजवळचं हाड मोडलं. दवाखान्याचं बिल ६८ हजार. नवरीचे वडील ओरडले नाहीत, बाजूला घेऊन म्हणाले, "दादा, हे कसं करायचं?" नवरा तिथल्या तिथे म्हणाला, "काका, मी भरतो."

माणूस म्हणून तो बरोबरच बोलला. पण पॉलिसीत अट असते, की कंपनीला न विचारता चूक कबूल करायची नाही आणि पैसे द्यायचा शब्द द्यायचा नाही. मी त्याच रात्री कंपनीला मेल केला. काय घडलं ते जसंच्या तसं लिहिलं, नवरा काय बोलला तेही. चौकशी झाली, स्टँडला वाळूची पिशवी होती का ते विचारलं. नव्हती, हेही सांगितलं. दोन महिने गेले, मावशींना भेटायला आम्ही चार वेळा गेलो, शेवटी वजावट सोडून बिलाचे पैसे मिळाले. तेव्हापासून मुलांना सांगून ठेवलंय: आधी माणसाला दवाखान्यात न्या, सोबत थांबा, पैशाचं बोलणं मला फोन करून मगच.

ड्रोन आम्ही स्वतः उडवत नाही. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतचे नॅनो सोडले तर थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, आणि नाशिकला ओझरचं विमानतळ, देवळालीचा लष्करी भाग, त्यामुळे कुठे उडवता येतं ते आधी नकाशातल्या झोनवरून पाहावं लागतं. प्रमाणपत्र असलेल्या पायलटला बोलावतो आणि त्याच्या प्रमाणपत्राची आणि पॉलिसीची प्रत घेतल्याशिवाय ॲडव्हान्स देत नाही. कामावरच्या दोन कायम मुलांसाठी कर्मचारी भरपाईची पॉलिसी आहे, रोजावरच्यांसाठी अपघात विमा.

राहिला डेटा. कार्ड करप्ट झालं तर कार्डाची किंमत मिळेल, सप्तपदी परत मिळणार नाही. कामातल्या चुकीसाठी प्रोफेशनल इंडेम्निटी नावाची वेगळी पॉलिसी असते. ग्राहक सेवेतल्या त्रुटीसाठी ग्राहक आयोगात जाऊ शकतो, तेव्हा ती उपयोगी पडते. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या कंपन्यांची कामं सुरू झाल्यावर आम्ही ती घेतली. लग्नांसाठी माझा भरवसा एकाच वेळी दोन कार्डांवर साठवणाऱ्या बॉडीवर आणि त्याच रात्री दोन वेगळ्या घरी जाणाऱ्या दोन हार्ड डिस्कवर जास्त आहे.

क्लेम नाकारला म्हणून गप्प बसू नका, हेही सांगते. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी द्यायचं. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालांकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्यांकडे, जाता येतं. आपल्याला पुण्याचं कार्यालय लागतं, फी नाही, वकील लागत नाही, एकट्या मालकाचा धंदाही तक्रार करू शकतो. नकारापासून एक वर्षाची मुदत असते. २०१८ चा आमचा दावा तिथेही टिकला नसता, पण तेव्हा हा रस्ता आहे हेच मला ठाऊक नव्हतं.

तुळशीच्या लग्नाआधी आमचं नूतनीकरण असतं. त्या दुपारी दुकान बंद ठेवून सगळ्या बॅगा सतरंजीवर रिकाम्या करतो. नवरा मोबाइलच्या टॉर्चमध्ये सिरीयल नंबर वाचतो, मी यादीत टिक करते. सिंहस्थ जवळ आला आहे, रामकुंडावरच्या गर्दीत काम करायचं आहे. यंदा यादीत दोन पावसाळी कव्हर, भाड्याची एक लांब लेन्स आणि वाळूच्या आठ पिशव्या वाढल्या. पिशव्यांचा विमा काढायचा नसतो, पण माझ्या यादीत त्या सगळ्यात वर आहेत.